पाच बहिणी आणि तीस लाख प्रेक्षक

मोठ्या माणसाचे औषध लहान मुलाला देण्याची वेळ आली, की आपला हात क्षणभर थबकतो. वजन किती, यकृत कितपत पक्व झाले आहे, मूत्रपिंडाला हा भार पेलेल का, असा हिशेब मनात झाल्याखेरीज आपण चिठ्ठी लिहीत नाही. प्रसिद्धी हीसुद्धा अशीच एक वस्तू आहे. ती प्रौढांनाही नेहमी मानवतेच असे नाही. मग ज्या जीवाला अजून ‘मी’ हा शब्दही उच्चारता येत नाही, त्याला ती कोणी द्यावी, किती द्यावी आणि मुळात द्यावी का, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाच्या अखत्यारीत येतो असे माझे मत आहे. आज बाळाचे पहिले छायाचित्र बाळंतिणीच्या खोलीतून निघते ते थेट शेकडो लोकांच्या मोबाइलवर जाऊन पोहोचते. म्हणूनच स्मरणिकेसाठी लेख लिहायला बसताना लसीकरण, आहार, परीक्षेचा ताण हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून एका जुन्या केसची हकिकत आपणांपुढे मांडावी असे ठरवले.

ही केस कॅनडातील आहे. रुग्ण पाच आणि जन्मतारीख एकच, २८ मे १९३४.

बाराशे ग्रॅमच्या पाच मुली

ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागात कॅलंडर गावाजवळ कॉर्बे नावाची छोटी वस्ती आहे. तेथील एका शेतघरात एल्झीर डिऑन या पंचविशीतील स्त्रीला सुमारे दोन महिने आधीच कळा सुरू झाल्या. तिची पाच मुले हयात होती, एक तान्हेपणीच दगावले होते. घरात वीज नव्हती. दोन जाणत्या बायका सुइणीचे काम करीत होत्या. डॉ. ॲलन रॉय डेफो हे गावचे डॉक्टर पोहोचेपर्यंत पहिल्या मुली जन्मल्याही होत्या. पुढे एकापाठोपाठ एक अशा एकूण पाच मुली झाल्या : इव्हॉन, ॲनेट, सेसिल, एमिली आणि मारी. एकाच बीजांडापासून झालेल्या, रूपाने तंतोतंत सारख्या. पाचींचे मिळून वजन तेरा पौंड सहा औंस, म्हणजे आपल्या मापाने सहा किलोच्या आसपास. सरासरी काढली तर प्रत्येकी बाराशे ग्रॅम.

बाराशे ग्रॅमचे एक बाळ एनआयसीयूत दाखल झाले, तर आजही त्या रात्री आपल्याला नीट झोप लागत नाही. १९३४ साली सल्फा औषधेसुद्धा वापरात आलेली नव्हती. फुप्फुसातील सर्फॅक्टंटच्या अभावाने अपुऱ्या दिवसांची बालके गुदमरतात, हे कळायला १९५९ साल उजाडावे लागले. अशा काळात या मुलींना एका वेताच्या टोपलीत, ऊबदार कापडांत गुंडाळून चुलीच्या उघड्या भट्टीपाशी ठेवण्यात आले. दर दोन तासांनी कोमट पाणी, मक्याचा पाक आणि रमचे थेंब देण्यात आले. मग शहरांतून आईचे दूध गोळा करून आगगाडीने पाठवले जाऊ लागले. शिकागोच्या एका वृत्तपत्राने गरम पाण्यावर चालणारा इन्क्युबेटर धाडला, कारण विजेवर चालणारा त्या घरात निरुपयोगी ठरला असता.

ऊब, मातेचे दूध आणि कमीत कमी हाताळणी ही त्रिसूत्री डॉ. डेफो आणि त्यांच्या परिचारिकांनी नेमकी पाळली. या परिचारिकांपैकी लुईझ डी किरिलीन यांनी पहिले वर्ष निगुतीने सांभाळले. पुढे त्या पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झाल्या. पाचही मुली जगल्या. ज्ञात इतिहासात पाचही अपत्ये तान्हेपणाच्या पलीकडे जगल्याचे हे पहिलेच उदाहरण. एखाद्या खेड्यातील डॉक्टराच्या आयुष्यात याहून मोठा पराक्रम कोणता असणार? हे मी मुद्दाम आधी नोंदवते आहे, कारण पुढे जे घडले त्याचा दोष देताना या माणसाचे श्रेय हिरावून घेणे न्याय्य होणार नाही.

सोडवणूक, आणि नंतरचा पिंजरा

जगभर मंदीचे दिवस होते. वर्तमानपत्रांना आनंदाची बातमी हवी होती आणि डिऑन कुटुंबाला पैसा. मुली आठवड्याच्याही झाल्या नव्हत्या, तेव्हा वडील ऑलिव्हा डिऑन यांनी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना मांडण्याच्या करारावर सही केली.

आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळी हे अघटित मानले जात नव्हते. मार्टिन कूनी नावाचे गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत इन्क्युबेटरमधील अपुऱ्या दिवसांची बालके तिकीट लावून दाखवत होते. त्या तिकिटाच्या पैशांतून बालकांचा खर्च भागे आणि पालकांकडून एक छदामही घेतला जात नसे. रुग्णालये ज्यांची आशा सोडून देत, अशी हजारो बालके त्या जत्रेत वाचली. शिकागोच्या त्या प्रदर्शनातही कूनींचा विभाग होता. बालकाचा जीव वाचवणे आणि बालकाचे प्रदर्शन मांडणे या दोन गोष्टी आपल्या शास्त्राच्या बाल्यावस्थेत अशा एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

वडिलांनी तो करार लगोलग मोडू पाहिला. परंतु तेवढे निमित्त ऑन्टारिओ सरकारला पुरले. मुलींचे शोषण होऊ नये या कारणास्तव १९३४ च्या उन्हाळ्यातच त्यांचे पालकत्व आईबापांकडून काढून घेण्यात आले आणि मार्च १९३५ मध्ये खास कायदा करून त्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत राजाच्या, म्हणजे सरकारच्या, ताब्यात ठेवण्यात आले. पंतप्रमुख होते मिचेल हेपबर्न. विशेष हे, की मोठी पाच भावंडे मात्र त्याच आईबापांकडे राहू दिली गेली. म्हणजे आईबाप पाच मुलांसाठी लायक आणि दुसऱ्या पाच मुलांसाठी नालायक ठरले. मुलींना बाजारापासून सोडवण्यासाठी केलेल्या त्या कायद्याने पुढच्या दोन वर्षांत त्यांचाच सर्वांत मोठा बाजार उभा केला.

शेतघरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, ‘डेफो रुग्णालय व नर्सरी’ बांधण्यात आली. मुली चार महिन्यांच्या होण्याआधीच, सप्टेंबर १९३४ मध्ये, तेथे हलवल्या गेल्या. भोवती कुंपण, दाराशी पहारा. आईला आपल्या मुलींना भेटायचे असेल तर रस्ता ओलांडून पाहुण्यासारखे जावे लागे. सुरुवातीला परिचारिका एकेका बाळाला व्हरांड्यात आणून, नावाची पाटी दाखवून, खाली जमलेल्या गर्दीला दर्शन घडवीत. गर्दी आटोक्याबाहेर जाऊ लागली तेव्हा १९३६ साली मुलींच्या खेळण्याच्या अंगणाभोवती एक बंदिस्त सज्जा बांधण्यात आला. त्याच्या खिडक्यांना बारीक जाळी होती. प्रेक्षकाला आतले सर्व दिसे, मुलींना मात्र त्यांचे चेहरे दिसत नसत. दिवसातून ठरलेल्या वेळी हे ‘दर्शन’ होई आणि गर्दीच्या दिवसांत हजारो माणसे रांगेने पुढे सरकत. ‘क्विंटलँड’ या नावाने ते स्थळ प्रसिद्ध झाले. १९३६ ते १९४३ या काळात तेथे सुमारे तीस लाख माणसे येऊन गेली असे सांगितले जाते. जाळीमागे सावल्या हलतात, कोणीतरी पाहत असते, हे त्या मुलींना कळत होते, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

रस्त्याच्या कडेला दुकाने थाटली गेली. त्यांतले एक खुद्द वडिलांचे होते. निपुत्रिक जोडपी तेथील जमिनीवरचे खडे ‘संततीचे खडे’ म्हणून खिशात घालून नेत. शिकलेल्या, सुधारलेल्या देशाची ही गोष्ट आहे. नवस, गंडेदोरे यांवर बोलताना आपण फक्त आपल्याच लोकांना हसतो, म्हणून ही नोंद. ओटमील, मक्याचा पाक, साबण यांच्या जाहिरातींत मुलींचे चेहरे झळकले. १९३६ ते १९३८ या काळात हॉलिवूडने त्यांच्यावर तीन चित्रपट काढले आणि त्यांचे चित्रण नर्सरीतच झाले. १९३९ साली इंग्लंडचे राजा-राणी टोरांटोला आले तेव्हा या पाच मुलींची त्यांच्याशी भेट घडवण्यात आली. डॉ. डेफो हेही वृत्तपत्रांतून आणि आकाशवाणीवरून संगोपनाचे सल्ले देणारे जगप्रसिद्ध डॉक्टर झाले.

शास्त्राचे डोळे

प्रेक्षकांत आपलेही लोक होते, हे वैद्यकीय स्मरणिकेत लिहिले पाहिजे. टोरांटो विद्यापीठातील बालमानसशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅट्झ यांच्याकडे मुलींच्या संगोपनाची व शिक्षणाची आखणी सोपवण्यात आली. जनुके तीच आणि घरही तेच, मग स्वभाव वेगळे का होतात, हे पाहण्याची अशी संधी कोणत्या संशोधकाने सोडली असती? १९३७ मध्ये त्यांच्या निरीक्षणांचा संग्रह प्रसिद्ध झाला. उठण्याची वेळ, संत्र्याचा रस, कॉड लिव्हर तेल, प्रार्थना, खेळ, झोप, सारे घड्याळाबरहुकूम आणि सारे वहीत नोंदलेले. प्रत्येकीला ओळखीसाठी एक रंग आणि एक चित्र ठरवून दिलेले होते. ॲनेटचा रंग लाल आणि चित्र मेपलच्या पानाचे.

वाढीचे आलेख उत्तम होते. वजन, उंची, दात, सारे यथास्थित. त्या काळच्या तपासणीपत्रावर या पाच मुली कॅनडातील सर्वांत निरोगी बालिका ठरल्या असत्या. आईचा स्पर्श किती वेळ मिळाला, थोरल्या बहिणीने वेणी कधी घातली, भावाशी भांडण कधी झाले, असा रकाना मात्र त्या वहीत नव्हता. याला एकटे ब्लॅट्झ जबाबदार नव्हेत. १९२८ साली जॉन वॉटसन या नामांकित मानसशास्त्रज्ञाने मुलांना फार कवटाळू नये असा उपदेश करणारे पुस्तक लिहिले होते आणि ते अमेरिकेत घरोघरी वाचले जात होते. आईपासून तुटलेल्या मुलाच्या मनाचे काय होते, हे जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात १९५१ साली मांडले. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला, तेव्हा कोठे डॉक्टरांचे डोळे उघडू लागले. डिऑन भगिनी तोवर अठरा वर्षांच्या झाल्या होत्या.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांच्या विशेष लक्षात यावी. डिऑन कुटुंब फ्रेंच भाषक होते. सरकार, डॉक्टर, प्रेक्षक, जाहिरातदार हे बहुतांशी इंग्रजी भाषक. मुलींच्या शिक्षणाच्या भाषेवरून पुढे बराच वाद झाला आणि ऑन्टारिओतील फ्रेंच समाज वडिलांच्या बाजूने उभा राहिला. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी अशा दुहेरी जगात इंदूर-ग्वाल्हेरकडे आपल्या चार-चार पिढ्या वाढल्या. आजीची भाषा म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्या मुलींच्या बाबतीत नुसती आई रस्त्यापलीकडे राहिली नव्हती. आईबरोबर आजोळ, चुलती, सणवार आणि घरातले बोलणे हे सर्वच रस्त्यापलीकडे राहिले होते.

घरी परतल्यावर

वडिलांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि अखेर नोव्हेंबर १९४३ मध्ये मुली घरी परतल्या. डॉ. डेफो त्याच वर्षी निवर्तले. गोष्टीतल्यासारखा शेवट येथे गोड व्हायला हवा होता, पण तो झाला नाही.

मुलींच्या निधीतून बांधलेले मोठे घर होते, परंतु ते घर त्यांना परके होते. नऊ वर्षे रस्त्यापलीकडे राहिलेली भावंडे भावंडासारखी वागेनात. कशी वागणार? त्यांचे बालपणही या पाचजणींच्या सावलीत गेले होते. आईबापांच्या डोळ्यांसमोर असलेली मुले आणि आईबापांच्या डोळ्यांसमोर नसलेल्या मुली, यांपैकी दुर्लक्षित कोण, याचे उत्तर बहुधा ‘दोन्ही’ असेच द्यावे लागेल. एखाद्या घरात एका मुलाला दुर्धर आजार असतो तेव्हा ओपीडीत आपण त्याच्याविषयीच विचारतो. बाकाच्या टोकाला गप्प बसलेल्या धाकट्याला विचारणारे थोडे. डिऑन कुटुंबाची गोष्ट मला त्या गप्प बसलेल्या भावंडांसाठीही महत्त्वाची वाटते.

मोठ्या झाल्यावर या बहिणींनी आपल्या घरातल्या वर्षांविषयी जे सांगितले ते कटू आहे. १९६५ साली त्यांचे पहिले आत्मकथन आले. १९९५ साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी वडिलांवर लैंगिक अत्याचाराचा गंभीर आरोप केला. वडील तोवर हयात नव्हते आणि इतर भावंडांनी तो नाकारला. यावर निवाडा देणे आपले काम नव्हे. मात्र बालरोगतज्ज्ञ म्हणून एवढे म्हणता येते, की ज्या मुलीकडे दिवसाकाठी हजारो लोक पाहतात, तिचे ऐकणारे कोणी असेलच असे नाही.

अठरा वर्षांनंतर त्या घराबाहेर पडल्या. एमिली धर्मसंस्थेच्या मठात राहिली. तिला अपस्माराचा विकार होता. ऑगस्ट १९५४ मध्ये झटक्याच्या वेळी गुदमरून, वयाच्या विसाव्या वर्षी, ती गेली. इव्हॉन आणि सेसिल परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. ॲनेट, सेसिल आणि मारी यांनी लग्ने केली, त्यांना मुले झाली, पण तिन्ही संसार टिकले नाहीत. मारी १९७० मध्ये गेली, इव्हॉन २००१ मध्ये. ॲनेट आणि सेसिल यांनी मात्र वयाची नव्वदी ओलांडली.

आता पैशाचे. ज्यांच्या जिवावर एका प्रांताचे पर्यटन मंदीत तरले, त्यांच्या निधीतून नर्सरीचा खर्च, नोकरचाकरांचे पगार यांसारख्या गोष्टी वळत्या केल्या गेल्या. नव्वदच्या दशकात तीन हयात बहिणी माँट्रिअलजवळ एकत्र राहत होत्या आणि तिघींचे मिळून मासिक उत्पन्न साधारण साडेसातशे डॉलर होते. त्यांनी सरकारकडे दाद मागितली. आधी देऊ केलेली रक्कम त्यांनी नाकारली. जनमत त्यांच्या बाजूने झाले आणि मार्च १९९८ मध्ये ऑन्टारिओ सरकारने चाळीस लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई मान्य केली. तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

त्याआधी काही महिने, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकेतील आयोवा राज्यात एका मातेला एकाच वेळी सात मुले झाली. कॅमेरे धावले, कंपन्यांनी भेटवस्तूंची रांग लावली. त्या वेळी या तिघी बहिणींनी त्या आईबापांना एक खुले पत्र लिहिले. एकाच वेळी जन्मलेली मुले ही करमणुकीची वस्तू नव्हे आणि विक्रीचा मालही नव्हे, आमच्या आयुष्याची नासाडी झाली तशी या मुलांची होऊ देऊ नका, असा त्याचा आशय होता. माझ्या मते हे पत्र बालसंगोपनाच्या अभ्यासक्रमात लावण्याजोगे आहे.

आपल्याकडे

ही गोष्ट नव्वद वर्षांपूर्वीची आणि सातासमुद्रापलीकडची म्हणून सोडून देता आली असती, तर मी हा लेख लिहिला नसता.

माझ्या माहितीच्या एका नर्सिंग होममध्ये तिळे जन्मले होते. तिन्ही बाळे दीड किलोच्या आतली. तिसऱ्या दिवशी एका स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार दारात उभा राहिला. वडील हरखून गेले होते, संस्थेच्या व्यवस्थापनालाही बातमी हवी होती. विरोध केला तो एकट्या आजीने. ‘‘सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही आणि बाहेरचे डोळे आत आणायचे नाहीत,’’ असे त्या बाईंनी ठणकावले. तीट, काजळ, मीठमोहऱ्या यांतल्या कशावरही माझा विश्वास नाही. त्या आजींच्या शब्दांत मात्र संसर्गप्रतिबंधही होता आणि त्या बालकांच्या खासगीपणाचा आदरही. दृष्ट लागते ती अशी लागते, हे मला डिऑन भगिनींची कथा वाचल्यावर उमगले.

आता छायाचित्रकाराची गरज उरलेली नाही. हसणारे, रडणारे, पडणारे, आंघोळ करणारे मूल चित्रित होऊन प्रसारित होते, आणि ते करणारे हात आईबापांचेच असतात. काही घरांत ते उत्पन्नाचे साधन बनले आहे. भावंडांची जोडी असेल तर प्रेक्षक अधिक, म्हणून धाकट्यालाही ओढले जाते. पोटदुखी, झोप उडणे, शाळेत न जाण्याचा हट्ट अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलाच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या, की मी हल्ली एक प्रश्न आवर्जून विचारते : ‘‘घरात याचे व्हिडिओ कोण काढते, आणि ते कोण पाहते?’’ उत्तर देताना आईबाप अभिमानाने मोबाइल पुढे करतात आणि मूल जमिनीकडे पाहू लागते.

कायदा अगदीच मुका नाही. जॅकी कूगन या बालनटाला १९३५ साली सज्ञान झाल्यावर कळले, की आपली सारी कमाई घरच्यांनी खर्चून टाकली आहे. त्याच्या दाव्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या मिळकतीचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला. आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त व विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या मिळकतीपैकी किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास पालकाची संमती आवश्यक केली आहे. परंतु चित्रीकरण घराच्या दिवाणखान्यात होत असेल आणि निर्माता, दिग्दर्शक व संमती देणारा पालक ही एकच व्यक्ती असेल, तर या नियमांची पोच तोकडी पडते. तेथे पोचतो तो एकटा कुटुंबाचा डॉक्टर.

आपले काम

म्हणून शेवटी आपल्या स्वतःविषयी. डॉ. डेफो यांनी पाच जीव वाचवले आणि मग त्या पाच जिवांचे पहारेकरी व प्रदर्शक झाले. हे स्थित्यंतर एका दिवसात झाले नाही. गर्दीपासून मुलींना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून त्यांनी दार बंद केले, ते योग्यच होते. ते दार आईसाठी पुन्हा उघडायचे राहून गेले आणि प्रेक्षकांसाठी खिडकी मात्र उघडली गेली. वैद्यकीय कारण संपल्यावरही वैद्यकीय अधिकार शिल्लक राहतो, तेव्हा काय होते ते या उदाहरणात दिसते.

आपले शास्त्र तेव्हापासून पुष्कळ पुढे आले आहे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटरच्या तुटवड्यातून ‘कांगारू’ पद्धत जन्मली. २०२१ साली भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मल्याबरोबर आईच्या त्वचेला लावून ठेवलेल्या, एक ते सुमारे १.८ किलोच्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा पाव हिश्श्याने कमी आढळले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्या अभ्यासात होते. आईला एनआयसीयूच्या दाराबाहेर न ठेवता आत खाट देण्याची पद्धत तेथे रुजली आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. १९३४ साली दूध आगगाडीने आणता आले, पण रस्त्यापलीकडची आई आणता आली नाही. आज तिला आत बोलावण्यासाठी आपल्याकडे पुरावाही आहे.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. सहाशे-सातशे ग्रॅमचे बाळ जगवले, की आनंद होतो आणि तो सांगावासाही वाटतो. बाळाचा फोटो, शेजारी डॉक्टर, खाली संस्थेचे नाव, अशी बातमी आपण सर्वांनी पाहिली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिनियमांत रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र वा वृत्तांत परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. बाळाच्या वतीने परवानगी देणारे आईबाप त्या क्षणी आपल्या उपकाराच्या ओझ्याखाली असतात, ही गोष्ट कागदावरच्या सहीत दिसत नाही. ते बाळ उद्या पंधरा वर्षांचे होईल. त्याचा नळ्या लावलेला देह वर्गातल्या मुलांनी पाहावा की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा असायला हवा. तो हक्क त्याच्यासाठी पंधरा वर्षे राखून ठेवणे हेही उपचाराचाच भाग होय.

तिसरी गोष्ट जुळ्या-तिळ्यांची. त्यांना ‘सेट’ समजू नये. तपासणीच्या वेळी प्रत्येकाचे स्वतंत्र कार्ड असावे, प्रत्येकाशी त्याच्या नावाने बोलावे, दोघांची तुलना त्यांच्यासमोर करू नये आणि निदान एकदा तरी प्रत्येकाला एकट्याला भेटावे. ‘पाचींपैकी एक’ एवढीच ओळख जन्मभर मिळाली तर काय होते, ते सांगायला डिऑन भगिनी पुरेशा आहेत.

त्यांचा जन्म झाला ते शेतघर पुढे नॉर्थ बे या शहरात हलवले गेले आणि तेथे त्याचे संग्रहालय झाले. काही वर्षांपूर्वी त्या घराचे भवितव्य अनिश्चित झाले, तेव्हा ऐंशी पार केलेल्या ॲनेट आणि सेसिल ते शहरातच राहावे म्हणून पुढे आल्या. २०१७ साली त्याला शहराच्या मध्यभागी, सरोवराकाठी नवी जागा मिळाली. ज्या घरात त्या चार महिनेही राहिल्या नाहीत, ते घर त्यांनी मोडू दिले नाही. मुलांचे बालपण मुलांचेच असते, ही गोष्ट विसरली जाऊ नये म्हणून ते घर उभे राहावे अशी त्यांची इच्छा होती.

आपण लसीकरणाच्या कार्डावर पुढची तारीख लिहून देतो, तेव्हा आईबापांशी दोन मिनिटे बोलणे होतेच. त्या दोन मिनिटांत बाळाची छायाचित्रे कोठे जातात, हेही यापुढे विचारावे, एवढीच या सभेतील माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे.